परक्याच्या यादीवर विसंबताना: मेल सर्व्हर आणि ब्लॉकलिस्ट

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्याला स्पॅमचा खरा अंदाज लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, वाचल्यावरच येतो. वापरकर्त्याला इनबॉक्समध्ये किंवा स्पॅमच्या फोल्डरमध्ये जे दिसते, तो सर्व्हरपर्यंत पोहोचलेल्या गर्दीचा अगदी लहान हिस्सा असतो. बाकीची गर्दी जोडणी होताच परत फिरवलेली असते, आणि परत फिरवण्याचे हे काम बहुतांशी ब्लॉकलिस्टच्या, म्हणजे ज्यांच्याकडून पत्र घेऊ नये अशा इंटरनेटवरच्या (आयपी) पत्त्यांच्या यादीच्या, जोरावर चालते. पुण्यातील एका लहान शैक्षणिक संस्थेचा मेल सर्व्हर मी गेली अनेक वर्षे सांभाळते आहे. ब्लॉकलिस्टविषयी मराठीत लिहिलेले फारसे काही माझ्या पाहण्यात आलेले नाही, आणि इंग्रजीत जे सापडते त्यातले पुष्कळसे ‘या चार ओळी कॉन्फिगरेशनमध्ये घाला’ एवढ्यावरच थांबते. त्या चार ओळी घालणे म्हणजे आपल्या संस्थेतल्या माणसांना कोणाचे पत्र मिळावे आणि कोणाचे मिळू नये, हा निर्णय आपण कधीही न भेटलेल्या कोणाच्या तरी हाती सोपवणे होय. तो सोपवावा, असेच माझे मत आहे. मात्र सोपवताना ती यादी नेमका कोणता दावा करते, तिच्याकडून चूक झाली तर ती कोणाला कळते, आणि ती एके दिवशी बंद पडली तर आपल्या मेलचे काय होते, एवढे माहीत असल्याशिवाय सोपवू नये.

यंत्रणा मुळात फार साधी आहे. समजा, २०३.०.११३.४५ या पत्त्यावरून कोणीतरी आपल्या सर्व्हरच्या पोर्ट २५ शी, म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांना पत्रे देतात त्या दाराशी, जोडणी केली. आपला सर्व्हर त्या पत्त्याचे चारही आकडे उलट्या क्रमाने लावतो, त्यांच्यापुढे यादीचे नाव जोडतो आणि ‘४५.११३.०.२०३.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग’ या नावाचा पत्ता कोणता, असे डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेला, विचारतो. ‘असे नाव अस्तित्वात नाही’ असे उत्तर आले, तर तो पत्ता यादीत नाही. १२७.०.०.२ किंवा १२७.०.०.४ असे उत्तर आले, तर तो यादीत आहे, आणि शेवटच्या आकड्यावरून तो कोणत्या कारणाने यादीत आहे हेही कळते. आकडे उलटे लावावे लागतात, कारण डीएनएसमधल्या नावात मोठा घटक उजवीकडे असतो, तर आयपी पत्त्यात तो डावीकडे असतो. ही सगळी विचारपूस एरवी काही मिलिसेकंदांत आटोपते, आणि तोवर पत्राच्या मजकुराचे एक अक्षरही आपल्याकडे आलेले नसते.

१९९७ मध्ये पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांनी ‘आरबीएल’ ही पहिली अशी यादी ‘मॅप्स’ या संस्थेमार्फत सुरू केली, तेव्हा ती डीएनएसवर नव्हती. ती बीजीपीच्या, म्हणजे राउटर एकमेकांना वाटा कळवतात त्या पद्धतीच्या, मार्गाने थेट राउटरांना पुरवली जात असे, आणि ती स्वीकारणाऱ्या जाळ्याचा यादीतल्या पत्त्याशी असलेला मेलसह सगळाच संबंध तुटत असे. यादी डीएनएसवर आली तेव्हा तिचा वापर मेलपुरता मर्यादित करणे शक्य झाले, आणि ती मानावी की मानू नये हे ज्याचे त्याला ठरवता येऊ लागले. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. यादी चालवणारा फक्त आपले मत प्रसिद्ध करतो. पत्र नाकारतो तो आपला सर्व्हर, आणि म्हणून त्या नकाराची जबाबदारीही आपलीच असते.

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्या संस्थेला या पद्धतीचा आणखी एक फायदा होतो, आणि त्याचा उल्लेख मला क्वचितच आढळला आहे. मजकूर वाचून निवाडा करणारे फिल्टर प्रामुख्याने इंग्रजी पत्रांवर घडलेले असतात. देवनागरी विषय, देवनागरी मजकूर आणि अधूनमधून इंग्रजी शब्द असलेले एखादे निमंत्रण अशा फिल्टरला अनोळखी वाटू शकते, आणि अनोळखीपणाची शिक्षा त्या बिचाऱ्या पत्राला भोगावी लागते. ब्लॉकलिस्टला भाषा कळतच नाही. पत्र कोणत्या पत्त्यावरून आले, एवढेच ती पाहते, आणि त्यामुळे मराठी पत्राला व इंग्रजी पत्राला तिच्याकडे एकच न्याय मिळतो.

आता ‘यादी’ हा एकच शब्द वापरला जात असला, तरी तिच्या पोटात बरेच वेगवेगळे दावे असतात. स्पॅमहाउस ही संस्था स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये लंडनमध्ये सुरू केली, आणि तिची ‘झेन’ ही एकत्रित यादी आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या याद्यांपैकी आहे. १२७.०.०.२ हे उत्तर ‘एसबीएल’चे असते, म्हणजे तो पत्ता स्पॅम पाठवण्याच्या किंवा स्पॅम पाठवणाऱ्याला आसरा देण्याच्या कामात गुंतला असल्याचे तपासाअंती ठरलेले असते. १२७.०.०.३ ही ‘सीएसएस’ यादी यंत्राने तयार होते, आणि असंख्य पत्त्यांवरून थोडे थोडे स्पॅम पसरवणारे किंवा एकूणच वाईट वर्तणुकीचे पत्ते तीत येतात. १२७.०.०.४ म्हणजे ‘एक्सबीएल’. येथे मालकाच्या नकळत व्हायरसने ताब्यात घेतलेली यंत्रे आणि उघडे पडलेले प्रॉक्सी (दुसऱ्याची रहदारी पुढे नेणारे मध्यस्थ) सापडतात. १२७.०.०.१० आणि १२७.०.०.११ ही उत्तरे ‘पीबीएल’ची असतात, आणि सर्वांत जास्त गैरसमज याच यादीविषयी आहेत.

पीबीएलमध्ये नाव असणे हा आरोप नव्हे. घरगुती ब्रॉडबँडला किंवा मोबाइलला जे बदलते पत्ते दिले जातात, त्यांच्यावरून परक्या मेल सर्व्हरशी पोर्ट २५ वर थेट बोलण्याचे कारण कोणाला सहसा पडू नये, एवढेच ती यादी सांगते. अशा पत्त्यांचे पट्टे पुष्कळदा खुद्द इंटरनेट पुरवठादारच त्या यादीत नोंदवतात. घरचा संगणक आपल्या संस्थेच्या सर्व्हरकडे पासवर्ड देऊन पोर्ट ५८७ वर पत्र सोपवतो आणि पुढे तो सर्व्हर ते पोचवतो, ही योग्य रीत आहे. तेव्हा तुमचा घरचा पत्ता एखाद्या तपासणी संकेतस्थळावर ‘यादीत आहे’ असा लाल अक्षरांत दिसला, तर घाबरण्याचे काहीच कारण नाही. तो तिथे असणेच अपेक्षित आहे.

यातून कॉन्फिगरेशनचा एक कडक नियम निघतो. पीबीएल आणि एक्सबीएल यांची विचारणा फक्त त्या क्षणी आपल्याशी जोडलेल्या पत्त्यासाठी करावी. पत्राच्या ‘रिसीव्ह्ड’ शीर्षकांमध्ये आधीच्या मुक्कामांचे जे पत्ते नोंदलेले असतात, त्यांच्यासाठी ती करू नये. कोथरूडमधल्या प्राध्यापिका घरून लॅपटॉपवर पत्र लिहितात, तेव्हा त्या पत्राच्या सर्वांत खालच्या शीर्षकात त्यांच्या घरचा पीबीएलमधला पत्ता असतो. त्यांच्या सर्व्हरने ते पत्र रीतसर स्वीकारलेले असते. खोलवर जाऊन सगळी शीर्षके तपासणारा अतिउत्साही फिल्टर मात्र ते पत्र स्पॅम ठरवून मोकळा होतो. त्याचप्रमाणे आपल्या स्वतःच्या वापरकर्त्यांना ही तपासणी लागताच कामा नये. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘परमिट_मायनेटवर्क्स’ आणि ‘परमिट_सॅसल_ऑथेंटिकेटेड’ हे आपल्या लोकांना आत घेणारे नियम ‘रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट’ या यादीवरून नाकारणाऱ्या नियमाच्या आधी यायला हवेत. क्रम उलटा झाला, तर मोबाइलवरून पत्र पाठवणारा आपलाच सहकारी दाराबाहेर राहतो.

यानंतरचा मुद्दा मी थोडा विस्ताराने मांडते, कारण नव्याने सर्व्हर उभा करणारे सर्वाधिक लोक येथेच अडकलेले मी पाहिले आहेत. व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घेतला की त्यावर डीएनएसचा रिझॉल्व्हर (आपल्या वतीने डीएनएसमधून उत्तर शोधून आणणारा) म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असा सार्वजनिक पत्ता बऱ्याचदा आधीच लावलेला असतो. वेब पाहण्यासाठी तो उत्तम चालतो. ब्लॉकलिस्टसाठी तो अजिबात चालत नाही. सार्वजनिक रिझॉल्व्हरमागे लक्षावधी लोक असतात, आणि त्यामुळे कोण किती विचारणा करतो आहे हे यादी चालवणाऱ्याला कळू शकत नाही. स्पॅमहाउसची मोफत सेवा लहान आणि बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहे, मोठ्या वापरासाठी पैसे भरावे लागतात, आणि म्हणून अशा रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या प्रश्नाला ती १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर देते. ‘तुम्ही चुकीच्या मार्गाने विचारले आहे’ असा त्याचा अर्थ असतो. वापर मर्यादेपलीकडे गेला तर १२७.२५५.२५५.२५५ येते, आणि यादीचे नावच चुकीचे लिहिले असेल तर १२७.२५५.२५५.२५२ येते.

आता पोस्टफिक्स या उत्तराचे काय करतो, ते पाहू. ‘रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट’ पुढे नुसते यादीचे नाव लिहिले असेल, तर कोणतेही उत्तर आले तरी पत्ता यादीत आहे असेच तो समजतो. ‘चुकीच्या मार्गाने विचारले’ हे उत्तरही त्याच्या दृष्टीने होकारच ठरते. परिणामी येणारे एकूण एक पत्र नाकारले जाते, आणि नाकारल्याचे कारण म्हणून स्पॅमहाउसचे नाव दिले जाते. ‘स्पॅमहाउसने माझी सगळी मेल अडवली’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा हेच असते. यावर दोन उपाय आहेत, आणि दोन्ही करावेत. पहिला, सर्व्हरवरच अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवावा, आणि तो दुसऱ्या कोणाकडे प्रश्न न ढकलता मूळ सर्व्हरांपासून स्वतः उत्तर शोधेल असा लावावा. हे काम मोजक्या मिनिटांचे आहे. दुसरा, यादीच्या नावापुढे बरोबरचे (=) चिन्ह टाकून ‘१२७.०.०.[२..११]’ असा उत्तराचा पट्टा लिहावा. मग त्या पट्ट्याबाहेरचे काहीही आले तरी पत्र अडत नाही. पट्टा लिहिण्याची ही सोय पोस्टफिक्स २.८ पासून उपलब्ध आहे.

या पट्ट्याचे मोल जानेवारी २०२१ च्या अखेरीस दिसले. स्पॅमकॉप ही जुनी आणि प्रतिष्ठित यादी आहे. लोकांनी कळवलेल्या स्पॅमवर आणि सापळा म्हणून ठेवलेल्या पत्त्यांवर ती चालते, आणि तक्रारी थांबल्या की पत्ता एका दिवसात आपोआप यादीतून गळतो. त्या दिवशी तिच्या डोमेनच्या नोंदणीची मुदत संपली. मुदत संपलेल्या डोमेनवर नोंदणीदार एक जाहिरातवजा पान ठेवतो, आणि त्या डोमेनखालच्या कोणत्याही नावाला त्याच पानाचा पत्ता उत्तरादाखल मिळू लागतो. म्हणजे जगातल्या कोणत्याही आयपी पत्त्याबद्दल विचारले, तरी उत्तर येत होते. ज्यांनी नुसते यादीचे नाव लिहिले होते, त्यांच्या सर्व्हरांनी सगळ्या जगाची पत्रे नाकारली. ज्यांनी ‘१२७.०.०.२’ आले तरच नाकारा असे लिहिले होते, त्यांना काही घडल्याचे कळलेही नाही.

मात्र पट्टा लिहिल्याने प्रत्येक वेळी सुटका होते असे नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ओसिरूसॉफ्ट ही यादी सततच्या हल्ल्यांना कंटाळून बंद झाली, आणि बंद होताना तिने सगळे जगच यादीत टाकले. ओआरडीबी ही उघड्या रिलेंची, म्हणजे कोणाचेही पत्र पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरांची, यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी असंख्य सर्व्हर तिला विचारतच राहिले. शेवटी मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक प्रश्नाला होकार द्यायला सुरुवात केली, म्हणजे निदान मेल अडल्यावर तरी लोक आपली कॉन्फिगरेशन फाइल उघडतील. चालवणाऱ्यांची बाजू मला समजते. बंद झालेल्या सेवेकडे वर्षभर येत राहणाऱ्या विचारणांचा भारही कोणाला तरी सोसावा लागतो. पण त्या निष्काळजीपणाची किंमत मोजली ती ज्यांना ओआरडीबी हे नावही ठाऊक नव्हते अशा पत्रलेखकांनी. त्या मानाने २०२४ च्या जूनमध्ये सॉर्ब्स ही जुनी यादी बंद झाली तेव्हा ती नुसती रिकामी केली गेली, आणि कोणाचेही पत्र अडले नाही. याद्या कशा चालवाव्यात याविषयी २०१२ मध्ये निघालेल्या आरएफसी ६४७१ या इंटरनेटच्या रीतीविषयीच्या दस्तऐवजात बंद करण्याच्या रीतीचाही विचार केलेला आहे, आणि यादी निवडताना तिचे चालक तो पाळतात का, हे मी आवर्जून पाहते.

त्याच दस्तऐवजात पैशाचा प्रश्नही आहे. यादी वापरणाऱ्याकडून शुल्क घेण्यात काही गैर नाही, कारण ती चालवायला खर्च येतो. यादीत सापडलेल्याकडून सुटकेसाठी पैसे मागणे मात्र खंडणीच्या अगदी जवळ जाते, अशी त्या दस्तऐवजाची स्पष्ट भूमिका आहे, आणि ती मला पूर्णपणे मान्य आहे. लवकर सुटकेसाठी पैसे घेणाऱ्या याद्या आजही आहेत. काही याद्या तर एका ग्राहकाच्या वागणुकीसाठी त्या होस्टिंग कंपनीचे सगळेच्या सगळे जाळे यादीत टाकतात. स्वस्तात व्हीपीएस घेऊन प्रामाणिकपणे आपली पत्रे पाठवणारा एखादा लहान व्यावसायिक अशा यादीत सापडला, तर त्याने करण्यासारखे काहीच उरत नाही. अशी यादी मी नकारासाठी कधीही वापरत नाही, आणि इतरांनीही वापरू नये असे मला मनापासून वाटते.

एकाच यादीच्या शब्दावर पत्र नाकारायचे की नाही, याचे उत्तर यादीवर अवलंबून आहे. झेनच्या बाबतीत मी ते करते. इतर याद्यांचे मत मी फक्त गुणांच्या रूपात विचारात घेते. पोस्टफिक्समधला ‘पोस्टस्क्रीन’ हा भाग यासाठीच आहे. तो मुख्य मेल प्रक्रियेच्या आधी उभा राहतो, एकाच वेळी अनेक याद्यांना विचारतो आणि प्रत्येकीच्या उत्तराला आपण ठरवलेले वजन देतो. उदाहरणार्थ, झेनला तीन गुण, स्पॅमकॉपला एक, आणि ‘डीएनएसडब्ल्यूएल’ या चांगल्या सर्व्हरांच्या यादीला उणे दोन. नकाराची पातळी तीन. स्पॅमकॉपसारख्या एखाद्या यादीकडून एकटीने नकार होत नाही, दुसऱ्या कोणाची साथ लागते. उणे गुणांची सोय मला विशेष आवडते. एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर एका विद्यार्थ्याचे खाते फुटले आणि तासाभरासाठी तो पत्ता कुठल्याशा यादीत गेला, तरी बाकीच्या हजारो लोकांची पत्रे त्यामुळे अडत नाहीत. पोस्टस्क्रीन याशिवाय नव्या पाहुण्याला एरवी सहा सेकंद ताटकळत ठेवतो, आणि आपले स्वागताचे वाक्य पुरे होण्याआधीच बोलू लागणारी यंत्रे ओळखतो. खरा मेल सर्व्हर तेवढे थांबतो, स्पॅम पाठवणाऱ्या पुष्कळ यंत्रांना तेवढा धीर नसतो. पोर्ट ५८७ वर मात्र पोस्टस्क्रीन लावू नये, कारण तिथे आपलेच लोक येतात.

पत्र नाकारायचे असेल तर ते दारातच, जोडणी चालू असताना नाकारावे, याविषयी मी आग्रही आहे. कित्येक जण ‘सौम्य’ मार्ग म्हणून संशयित पत्र स्वीकारून स्पॅमच्या फोल्डरमध्ये टाकतात किंवा मुकाट्याने पुसून टाकतात. प्रामाणिक माणसाचे पत्र चुकून त्यात गेले, तर पाठवणाऱ्याला वाटते पत्र पोचले, आणि ज्याला मिळायचे त्याला ते आल्याचेच कळत नाही. स्वीकारून नंतर ‘पोचले नाही’ असे पत्र परत पाठवणे तर त्याहून वाईट, कारण स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो, आणि ते परतीचे पत्र तिसऱ्याच निरपराध माणसाच्या डोक्यावर जाऊन पडते. दारातल्या नकारात आपला सर्व्हर ५५४ हा क्रमांक, अडवलेला पत्ता आणि यादीचे नाव सांगतो. पाठवणारा सर्व्हर खरा असेल तर तो हे आपल्या वापरकर्त्याला कळवतो. खोटा असेल तर कोणालाच काही जात नाही.

याचे एक उदाहरण मला जवळून पाहायला मिळाले. आमच्या ग्रंथालयाला पुस्तके पुरवणाऱ्या एका विक्रेत्याने दिवाळी अंकांची सूची एकदम हजारो पत्त्यांवर पाठवली. त्या पत्त्यांपैकी बरेचसे त्याने कोणाकडून तरी विकत घेतलेले होते. विकत घेतलेल्या अशा यादीत वर्षानुवर्षे कोणीही न वापरलेले पत्ते असतात, आणि त्यांतले काही सापळा म्हणूनच जिवंत ठेवलेले असतात. दुसऱ्या दिवशी त्याचा सर्व्हर सीएसएसमध्ये होता. त्यानंतर ग्रंथपालांनी मागवलेले दरपत्रक त्याने पाठवले, तेव्हा आमच्या लॉगमध्ये नकाराची ओळ उमटली आणि त्याच्याकडे ‘क्लायंट होस्ट ब्लॉक्ड’ असा निरोप गेला. त्यात यादीचे नाव आणि कारण पाहण्याचा दुवा होता. त्याने तो निरोप वाचून ग्रंथपालांना फोन केला, ग्रंथपालांनी मला विचारले, आणि लॉगमधली ती ओळ सापडायला मला मिनिटही लागले नाही. तेच दरपत्रक मुकाट्याने एखाद्या फोल्डरमध्ये गेले असते, तर मुदत संपेपर्यंत दोन्ही बाजू एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत बसल्या असत्या.

अशा वेळी अपवाद करण्याची सोय हाताशी असावी. माझ्याकडे अपवादांची एक लहान फाइल आहे, आणि तीत प्रत्येक नोंदीपुढे तारीख व कारण लिहिलेले असते. कारण न लिहिलेले अपवाद कायमचे ठाण मांडून बसतात, आणि पुढे कोणीतरी त्याच वाटेने आत येतो.

यादीच्या दुसऱ्या बाजूला असण्याचा अनुभवही सांगते. एका ओळखीच्या कार्यालयाची पत्रे सगळीकडून एकाएकी परत येऊ लागली. त्यांचा पत्ता एक्सबीएलमध्ये होता. त्यांच्या मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये वावगे काहीच नव्हते, आणि म्हणून यादीच चुकली असे सर्वांचे म्हणणे पडले. पण त्या कार्यालयातले सगळे संगणक आणि मेल सर्व्हर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे होते. राउटरवर पोर्ट २५ कडे बाहेर जाणाऱ्या जोडण्या पाहिल्या, तेव्हा स्वागतकक्षातला एक जुना संगणक अखंडपणे परदेशी पत्त्यांशी बोलत असलेला दिसला. त्याची पत्रे मेल सर्व्हरमधून जातच नव्हती, मग त्याच्या लॉगमध्ये ती दिसणार कशी? तो संगणक वेगळा काढून स्वच्छ केला, राउटरवर मेल सर्व्हर सोडून इतर सर्वांना बाहेर जाणारे पोर्ट २५ बंद केले, आणि त्यानंतरच यादीतून नाव काढण्याची विनंती केली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी विनंती आणि मग शोध असे केले, तर नाव लगेच परत यादीत जाते आणि पुढची विनंती कमी विश्वासार्ह ठरते.

याद्यांवर खटले झाले, हल्लेही झाले. ई-३६० या अमेरिकी कंपनीने स्पॅमहाउसविरुद्ध इलिनॉयमधल्या न्यायालयात २००६ मध्ये १ कोटी १७ लाख डॉलरचा एकतर्फी निकाल मिळवला. तो २०१० मध्ये २७,००२ डॉलरवर आला, आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने भरपाईची रक्कम तीन डॉलर ठरवली. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउसवर जो हल्ला झाला, तो सेकंदाला सुमारे ३०० गिगाबिटपर्यंत गेल्याचे त्या वेळी सांगितले गेले. त्यासाठी जगभरातले उघडे डीएनएस रिझॉल्व्हर वापरले गेले. वर ज्या स्वतःच्या रिझॉल्व्हरची शिफारस केली आहे, तो फक्त आपल्याच यंत्रासाठी उत्तर देईल अशी खात्री करून घ्यावी, ती याच कारणासाठी.

ब्लॉकलिस्टने काय साधत नाही, हेही स्पष्ट असावे. मोठ्या मोफत मेल सेवांवरून येणारे स्पॅम पत्त्याच्या यादीने अडत नाही, कारण त्याच पत्त्यांवरून आपल्या पालकांची आणि विद्यार्थ्यांची पत्रे येतात, आणि ते पत्ते यादीत टाकायला कोणीही शहाणा चालक तयार होत नाही. तिथे पत्रातल्या दुव्यांची तपासणी उपयोगी पडते. स्पॅमहाउसची डीबीएल किंवा सर्बल यांसारख्या याद्या आयपी पत्त्यांऐवजी डोमेनच्या नावांच्या असतात, आणि आर-स्पॅमडी किंवा स्पॅमअसॅसिन हे फिल्टर पत्राच्या मजकुरातले दुवे काढून त्यांना विचारतात. डीबीएलला आयपी पत्ता विचारला तर ती १२७.०.१.२५५ असे उत्तर देते, आणि तोही होकार समजला जाऊ शकतो. त्यामुळे उत्तराचा पट्टा तिथेही लिहावाच लागतो.

नवी यादी जोडताना मी तिच्या नियमाआधी ‘वॉर्न_इफ_रिजेक्ट’ लावते. मग पोस्टफिक्स कोणालाही न अडवता ‘हे पत्र नाकारले असते’ एवढीच नोंद लॉगमध्ये करतो, आणि त्या नोंदींतली नावे काही आठवडे रोज वाचता येतात. ज्यांच्याशी आपला खरोखर पत्रव्यवहार आहे अशी नावे त्यांत दिसू लागली, तर ती यादी आपल्यासाठी नाही. जोडलेल्या प्रत्येक यादीची रोज एक चाचणीही होते. आरएफसी ५७८२ नुसार १२७.०.०.२ हा पत्ता आयपी पत्त्यांच्या प्रत्येक यादीत असलाच पाहिजे आणि १२७.०.०.१ कधीही असता कामा नये. हे दोन प्रश्न एक छोटी स्क्रिप्ट पहाटे अशा प्रत्येक यादीला विचारते. पहिल्याला उत्तर आले नाही तर यादी मेलेली आहे, आणि दुसऱ्याला उत्तर आले तर ती सगळ्या जगाला होकार देते आहे. दोन्ही प्रसंगी स्क्रिप्ट ती ओळ कॉन्फिगरेशनमधून काढते, पोस्टफिक्सला फाइल पुन्हा वाचायला लावते आणि मला एसएमएस पाठवते.